बडोद्यातलं गवत आणि तपकिरी स्विफ्ट: नव्याने फुलपाखरं पाहणाऱ्यांसाठी

फुलपाखरं पाहायचा नाद लागला की पहिल्याच पावसाळ्यात लाइम, प्लेन टायगर, ग्रास यलो ही मंडळी पाठ होतात. मग वहीत एकच नोंद पुन्हा पुन्हा यायला लागते: ‘छोटं, तपकिरी, भुर्रकन गेलं.’ अशा नोंदींतली बरीचशी स्किपर असतात, म्हणजे मराठीत ज्यांना चपळ म्हणतात ती. बडोद्यात गवताच्या आसपास दिसणाऱ्या तपकिरी स्किपरांत स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट आणि राइस स्विफ्ट ही दोन नेहमीची. हा लेख खरं तर पहिल्यासाठी आहे, पण दुसऱ्याला बाजूला काढल्याशिवाय पहिलं ओळखता येत नाही, त्यामुळे दोघांचंही येईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसत्या पंखांच्या मागे लागलात तर वैतागाल. गवत पाहायला शिका. या फुलपाखरांच्या अळ्या गवत खातात आणि गवताच्याच पात्यात घर करतात. ते घर शोधणं उडत्या स्विफ्टचा धड फोटो काढण्यापेक्षा सोपं आहे, कारण ते पळत नाही. आणि अळी वाढवून फुलपाखरू बाहेर पडलं, की नावाचा अर्धा वाद तिथेच मिटतो.

हे स्किपरच आहे ना?

डोकं मोठं आणि रुंद, डोळे टपोरे, अंग जाड, पंख त्या मानाने आखूड, हा झाला एकूण तोंडवळा. खरी खूण मिशांची. स्किपरच्या दोन मिशा डोक्यावर एकमेकींपासून बऱ्याच लांब उगवतात. टोकाला गाठ असते, आणि गाठीच्या पुढे बहुतेकांना बारीक, मागे वळलेला आकडा असतो. इतर फुलपाखरांच्या मिशांना गाठ असते, आकडा नसतो. पतंगांच्या मिशा दोऱ्यासारख्या निमुळत्या किंवा पिसांसारख्या. मोबाइलवर फोटो मोठा करून फक्त मिशीचं टोक पाहायची सवय लावा. रंग फसवतो, मिशी सहसा फसवत नाही.

दुसरी खूण बसण्याची. स्विफ्ट विश्रांतीला बसलं की चारही पंख पाठीवर मिटून घेतं. ऊन खायला बसलं की मागचे पंख आडवे पसरतं आणि पुढचे अर्धवट उभे ठेवतं, धावपट्टीवर थांबलेल्या जेट विमानासारखं. गवतातल्या स्किपरांच्या गटाची ही खास ढब आहे. लांबून नुसती ही बैठक दिसली तरी आपण बरोबर कुळात आहोत एवढं कळतं.

तरी सगळे स्किपर गवतखाऊ नसतात. बडोद्यात मोकळ्या माळावर काळ्यावर पांढरे ठिपके असलेलं इंडियन स्किपर दिसतं. त्याची अळी बला नावाच्या रानझुडपावर आणि तिच्या भाऊबंदांवर वाढते. लांबट, टोकदार पंखांचं ब्राउन ऑल हे माधवीलतेसारख्या झाडवेलींवर. ही दोन्ही सुरुवातीलाच वेगळी काढा म्हणजे पुढचा गोंधळ निम्मा होतो.

कुठे आणि केव्हा

जुलै ते नोव्हेंबर. पहिल्या पावसानंतर गवत गुडघ्याएवढं झालं की शोधायला लागा. सर्वांत सोपे दिवस पावसाच्या परतीचे, सप्टेंबर-ऑक्टोबरचे. उन्हाळ्यात गवत वाळतं तेव्हा ही फुलपाखरं पाणी दिल्या जाणाऱ्या बागांच्या कडेला, नळाच्या गळतीपाशी, कालव्याच्या काठाने थोडीफार टिकून राहतात. मे महिन्यात शोधायचीच असतील तर तिथे जा, पण नवशिक्याने उगाच तापायला जाऊ नये.

जागा म्हणाल तर कमाटीबागेपासून सुरुवात करा. सयाजीराव महाराजांनी १८७९ मध्ये वसवलेली ही बाग विश्वामित्रीच्या काठावर आहे. मधल्या हिरवळी सोडून द्या. त्या इतक्या वेळा कापल्या जातात की अळीला घर बांधायला पातंच उरत नाही. कुंपणालगत, झाडांच्या बुंध्यापाशी, कोपऱ्यात जिथे यंत्र पोचत नाही तिथलं गवत पाहा. माळीकाकांशी ओळख करून घ्या. ‘काका, या कोपऱ्यातलं गवत एवढा आठवडा राहू द्याल का? यात अळ्या आहेत,’ असं सरळ विचारलं तर बहुतेक वेळा ते हसून हो म्हणतात, आणि पुढच्या वेळी स्वतःच दाखवतात कुठे काय आहे. ‘ताई, ती पानं शिवणारी अळी तिकडे पण आहे,’ असं माळ्याने सांगणं ही कुठल्याही पुस्तकापेक्षा कामाची माहिती.

शहराबाहेर टिंबी तलाव, आजव्याचा परिसर, सिंधरोटला महीच्या काठची शेतं. जिथे डांगर, म्हणजे गुजरातीतला भात, लावलेली असते तिथल्या बांधावर राइस स्विफ्ट हमखास. शेतात शिरायचं तर मालकाला विचारूनच, आणि रोपं न तुडवता बांधावरून.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. विश्वामित्रीत मगरी आहेत, शहराच्या अगदी मधून. २०१९ आणि २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये आलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. नदीकाठच्या उंच गवतात उतरू नका, पाण्याच्या कडेला बसून तर अजिबात नको. फुलपाखराचा नीट फोटो येत नाहीये म्हणून एक पाऊल आणखी पुढे जावंसं वाटतं, तेव्हाच थांबायचं. पावसाळ्यात घोणसही गवतात असते, म्हणून घोट्यापर्यंतचे बूट आणि पाय टाकण्याआधी काठीने गवत हलवणं.

दिवसाची वेळ: ऊन वर येताना आणि उतरत्या उन्हात. भर दुपारी ती सावलीत पानाखाली बसतात आणि शोधणाऱ्याचीही तीच इच्छा असते.

फोटो कसे घ्यायचे

महागड्या कॅमेऱ्याची गरज नाही. मॅक्रो असलेला मोबाइल पुरतो. पण कोन ठरलेले हवेत. पहिला फोटो बाजूने, पंख मिटलेले असताना, मागच्या पंखाची खालची बाजू पूर्ण दिसेल असा. हा एक मिळाला तर बाकी नाही मिळाले तरी चालेल. दुसरा वरून, ऊन खात बसलेलं असताना. तिसरा मिशांचा. चौथा ते बसलं होतं त्या गवताचा. लोक हा चौथा विसरतात.

जवळ जाताना समोरून जाऊ नका. खाली वाका, बाजूने हळू सरका, आणि तुमची सावली त्याच्यावर पडू देऊ नका. उडालं तर जागेवरच उभे राहा. ही फुलपाखरं, विशेषतः नर, ठरावीक पात्यावर परत येऊन बसतात. मागे धावलात तर दोघांचाही वेळ जातो.

फुलांवर शोधत असाल तर एकदांडी आणि टणटणी. स्विफ्टची सोंड अंगाच्या मानाने चांगली लांब असते, त्यामुळे नळीसारख्या फुलांतला मध तिला मिळतो. मध पिताना ते काही सेकंद नीट स्थिर असतं. आणखी एक जागा आहे जी सांगायला लोक लाजतात: पक्ष्यांची वाळलेली विष्ठा. तिथे बसलेल्या स्विफ्टकडे पाच मिनिटं नीट बघा. ते पोटाचं टोक पुढे वाकवून विष्ठेवर स्वतःच्या अंगातला पाण्याचा थेंब सोडतं, थेंबात क्षार विरघळले की सोंडेने तोच थेंब ओढून घेतं, पुन्हा सोडतं. हे काम सुरू असताना ते इतकं रमलेलं असतं की मोबाइल एका वितीवर नेला तरी हलत नाही. सर्वांत चांगले फोटो मला अशाच घाणेरड्या जागी मिळाले आहेत.

ओळखीचा क्रम

आधी रंग. वर नारिंगी-पिवळे पट्टे स्पष्ट दिसत असतील तर ते डार्ट गटातलं आहे. तिथे टेलिकोटा आणि पोटँथस हे दोन गट येतात. पोटँथसच्या बऱ्याच जाती फोटोवरून सांगता येत नाहीत, त्यासाठी जननेंद्रियं तपासावी लागतात. ‘पोटँथस’ एवढं लिहून पुढे चला. कोणी छातीठोकपणे जात सांगितली तर फक्त मान डोलवा.

गडद तपकिरी, अगदी लहान, पंख पसरून दोन-अडीच सेंटीमीटर, आणि वर पांढुरके ठिपके असतील तर कॉमन ग्रास डार्ट आहे का ते तपासा. इथे मिशी कामाला येते: या गटाच्या मिशीची गाठ चपटी आणि आतून खोलगट असते, पुढे आकडा नसतो. अंदाजासाठी सांगतो, आपल्या दहा रुपयांच्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे. ग्रास डार्ट पंख पसरून बसलं तरी साधारण त्याच्या आतच मावतं. स्विफ्ट मावत नाही.

आता उरली मधल्या आकाराची, पंख पसरून साधारण साडेतीन सेंटीमीटरची, तपकिरी आणि पुढच्या पंखावर अर्धपारदर्शक पांढरे ठिपके असलेली स्विफ्ट. त्यांच्या मागच्या पंखाच्या खालच्या बाजूकडे जा.

तिथे ठिपक्यांची एक ओळ दिसेल. ती ओळ सरळ, पट्टी ठेवून आखल्यासारखी आणि ठिपके ठळक असतील तर स्ट्रेट स्विफ्टच्या गटाकडे जा. ओळ वाकडी, कमानदार असेल तर आणखी एक ठिपका शोधा: ओळीपासून वेगळा, आत, पंखाच्या बुडाच्या बाजूला एकटा बसलेला. तो असेल तर पेलोपिडस, म्हणजे ब्रँडेड स्विफ्टचा गट. तो नसेल तर बहुधा राइस स्विफ्ट. हा एकटा ठिपका कधीकधी फार पुसट असतो, म्हणून फोटोचा उजेड वाढवून पाहा आणि दोन्ही बाजूंचे फोटो तपासा. जुन्या, झिजलेल्या फुलपाखराच्या पंखावरचे खवले गळालेले असतात. तिथे ठिपका दिसला नाही म्हणजे तो नव्हताच, असं लगेच लिहू नका.

पुढचा टप्पा नर-मादीचा. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टच्या नराच्या पुढच्या पंखावर, वरच्या बाजूला, मधोमध एक तिरकी, बारीक, राखाडी-पांढरट रेघ असते. हाच तो ‘ब्रँड’. गंध सोडणाऱ्या खास खवल्यांची पट्टी. पंख मिटलेले असताना ती दिसत नाही, फक्त ऊन खाताना दिसते. मादीला ही रेघ नसते, त्या जागी पांढरे ठिपके असतात. राइस स्विफ्टच्या नरालाही रेघ नसते. नर-मादी दोघांच्याही पुढच्या पंखाच्या मागच्या कडेपाशी एक पिवळसर, अपारदर्शक ठिपका असतो. म्हणजे रेघ दिसली तर ते राइस स्विफ्ट नाही, हे नक्की. पण रेघ नाही म्हणजे राइस स्विफ्ट, असा उलटा निष्कर्ष काढायचा नाही.

पेलोपिडस गटात ऑब्स्क्युअर ब्रँडेड स्विफ्ट नावाचा आणखी एक भाऊ आहे आणि त्यालाही रेघ आहे. तो फरक रेघ आणि पंखावरचे ठिपके यांच्या नात्यावर ठरतो. वरून काढलेला अगदी सपाट फोटो नसेल तर सोडून द्या. ‘पेलोपिडस, जात अनिश्चित’ ही नोंद चुकीच्या नावापेक्षा केव्हाही चांगली, आणि ती लिहायला कमीपणा वाटायचं कारण नाही.

जाता जाता: स्मॉल ब्रँडेड स्विफ्टचं शास्त्रीय वर्णन डॅनिश कीटकतज्ज्ञ फॅब्रिशियसने १७९८ मध्ये केलं, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीहून गेलेल्या नमुन्यावरून. राइस स्विफ्टचं १८६६ मध्ये आल्फ्रेड रसेल वॉलेसने, तैवानच्या नमुन्यावरून. उत्क्रांतीच्या सिद्धांतात डार्विनच्या बरोबरीने ज्याचं नाव घेतात तोच वॉलेस. आणि आपल्याकडे या अळ्यांचं आयुष्य बारकाईने नोंदवलं ते कारवारला वनखात्यात असलेल्या टी. आर. बेल यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत. एकाच माणसाने अळ्या आणून, वाढवून, पान कसं वळतात ते लिहून ठेवलं. पद्धत आजही तीच आहे.

पात्यातलं घर

आता मुख्य काम. आधी गवत आणि लव्हाळा यांत फरक करा. देठ दोन बोटांत फिरवा: गवताचा गोल फिरतो आणि त्याला पेरं असतात, लव्हाळ्याचा तीन कडांचा, बोटाला टोचतो आणि पेरं लागत नाहीत. तुम्हाला रुंद पात्याचं गवत हवंय. चाऱ्याचं गिनी गवत, भात, ऊस, मका, ज्वारी, आणि बांधावरची रुंद पात्याची रानगवतं यांवर ब्रँडेड स्विफ्टची अळी वाढते.

मादी एकेक अंडं वेगळ्या पात्यावर घालते. बुडाला सपाट, वर घुमटी, खसखशीच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं. अंडं शोधायला भिंग आणि चिकाटी लागते. घर शोधायला फक्त नजर. पात्याच्या टोकाकडे किंवा मध्यावर दोन्ही कडा रेशमाच्या टाक्यांनी एकत्र ओढून केलेली नळी दिसेल. टाके मोजता येतात इतके वेगळे असतात. नळीच्या वर किंवा खाली पात्याच्या कडेला खाचा असतील, म्हणजे अळी बाहेर येऊन काठावरून खाते आणि परत आत जाते. अळी वाढली की नळी अपुरी पडते, मग ती जुनी सोडून नवी, मोठी शिवते. एका झुबक्यात रिकाम्या नळ्या लागोपाठ दिसल्या तर सगळ्यात मोठीत राहणारीण असण्याची शक्यता जास्त.

इथे दोन गोष्टी फसवतात. भाताच्या शेतात पानं गुंडाळणारी एक पतंगाची अळी असते, शेतकऱ्यांची जुनी डोकेदुखी. तीही पातं लांबीत मिटते, पण आत बसून हिरवा भाग खरवडते. पात्यावर पांढरे, पारदर्शक पट्टे राहतात. स्किपरची अळी खरवडत नाही, कडेपासून कुरतडते. पांढरे पट्टे म्हणजे पतंग, खाचा म्हणजे स्किपर, एवढं पाठ करा. दुसरी फसवणूक: गवतावर उघड्यावर बसलेली हिरवी अळी, डोक्यावर दोन शिंगं आणि शेपटीला दोन टोकं असलेली. ती इव्हनिंग ब्राउन या फुलपाखराची, स्किपर नव्हे. स्किपरच्या अळीला शिंगं नसतात. डोकं मोठं, गोल आणि मागे बारीक मान असते.

नळी टाके तोडून उघडू नका. पातं उन्हाकडे धरा, आत सावली दिसते. उघडायचीच असेल तर एका टोकाकडून, टाचणीच्या बोथट बाजूने एक-दोन टाके सोडा. आत पोपटी-हिरवी, अंगावर लांबीभर फिकट रेघा असलेली अळी असेल. ब्रँडेड स्विफ्टच्या अळीच्या फिकट हिरव्या डोक्याच्या दोन्ही बाजूंनी तांबूस पट्टा असतो, पांढरी कड असलेला. याचा समोरून फोटो घ्या, हा सोन्याचा फोटो आहे.

घरात विष्ठा नसते, हे लक्षात आलं का? अनेक स्किपरांच्या अळ्यांच्या शेपटीपाशी एक खास कंगवा असतो, त्याने त्या विष्ठेची गोळी लांब उडवतात. विष्ठेच्या वासावर शत्रू येतात, म्हणून ही सोय. बरणीत ठेवलेल्या अळीजवळ रात्री कान देऊन बसलात तर झाकणावर गोळी आदळल्याचा बारीक आवाज येतो.

वाढवायची असेल तर

एकावेळी एक किंवा दोन, जास्त नाहीत. ज्या गवतावर मिळाली तेच गवत द्या. पातं बुडाशी कापून, ओल्या कापसात गुंडाळून, वर प्लास्टिक बांधून बरणीत ठेवा, म्हणजे पाणी सांडून अळी बुडत नाही. बरणीच्या तोंडाला मलमल. रोज सकाळी गवत बदला, पण अळी हाताने उचलू नका; जुनी नळी कापून नव्या पात्याला टेकवा, ती आपली आपण सरकते. बरणी उन्हात ठेवायची नाही. बुरशी दिसली तर त्याच क्षणी सगळं धुवा.

खाणं थांबलं आणि पोटाखाली पांढरी पूड दिसायला लागली की कोष जवळ आला. ही मेणाची पूड बरेच स्किपर कोषात जायच्या आधी सोडतात, काळजीचं कारण नाही. ब्रँडेड स्विफ्टचा कोष हिरवा, पुढे टोकदार चोच असलेला आणि कमरेला रेशमाच्या धाग्याने पात्याला बांधलेला असतो. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत सगळं मिळून साधारण महिनाभर, थंडीत जास्त.

काही वेळा कोषच होत नाही. अळी मलूल पडते आणि तिच्या अंगातून बारीक किडे निघून शेजारी पांढरे कोश विणतात. या गांधीलमाशीच्या कुळातल्या परोपजीवी माश्या. बरणी फेकून देऊ नका. त्याही बाहेर पडू द्या, फोटो घ्या, लिहा. भातावर किंवा उसावर ही स्विफ्ट क्वचितच मोठं नुकसान करतात, त्यामागे या माश्यांचाही हात आहे.

फुलपाखरू बहुधा सकाळी बाहेर येतं. पंख कडक होईपर्यंत तास-दोन तास ते हलत नाही. एकही खवला झिजलेला नसतो, म्हणून मागच्या पंखाखालचा एकटा ठिपका आणि नराची रेघ, दोन्ही आताच सर्वांत स्वच्छ दिसतात. फोटो झाले की ज्या झुबक्यातून अळी आणली तिथेच नेऊन सोडा.

नोंद टाकताना अळी, कोष आणि फुलपाखरू यांचे फोटो एकाच नोंदीत जोडा, सुटे नकोत. पाहणाऱ्या जाणकाराला तिन्ही एकाच जिवाचे आहेत हे कळायला हवं. आयनॅचरलिस्ट आणि बटरफ्लाइज ऑफ इंडिया या दोन्ही संकेतस्थळांवर अशा नोंदींना मागणी आहे, विशेषतः गवताचं नाव दिलं असेल तर. गवत ओळखता येत नसेल तर त्याच्या फुलोऱ्याचा आणि पातं देठाला जिथे जुळतं त्या सांध्याचा फोटो द्या. वनस्पतिशास्त्राच्या माणसाला तेवढं पुरतं. सप्टेंबरमध्ये देशभर बिग बटरफ्लाय मंथ साजरा होतो, तेव्हा नोंदी तपासणारे लोक जास्त जागे असतात. तुमच्या पहिल्या स्विफ्टसाठी तोच महिना धरा.